पेपरांची लांबलचक यादी कशी वाचायची

एखाद्या जीवशास्त्रज्ञाच्या नावावरचे शेकडो पेपर (शोधनिबंध) बघून धडकी भरणं साहजिक आहे, पण सगळे वाचायचे नसतातच. एकच जनुक धर आणि वर्षांच्या क्रमाने त्याच्या मागे जा.

उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या डॅलसच्या यूटी साउथवेस्टर्न या वैद्यकीय विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ एरिक ओल्सन यांची यादी घे. १९९७ च्या 'सायन्स' या नियतकालिकातल्या पेपरात दिसतं की एमईएफ२सी हे जनुक काढून टाकलेले उंदराचे गर्भ साडेनऊ दिवसांच्या सुमारास दगावतात, हृदयाची उजवी जवनिका (खालचा कप्पा) तयारच होत नाही. आता २००७ मध्ये तेच जनुक हाडांच्या पेपरात दिसतं. मधे दहा वर्षं का? एक अडचण तर उघड आहे: सांगाडा बनण्याआधीच गर्भ मरत असेल, तर हाडांचं काय कळणार! म्हणून तिथे जनुक फक्त कूर्चेतून काढलं, आणि हाड बनणं अडखळलं. अशी साखळी सापडली की यादी आपोआप बोलायला लागते.

नवखे हमखास चुकतात त्या जागा:

- पहिलं नाव बहुधा प्रयोग करणाऱ्याचं, शेवटचं प्रयोगशाळाप्रमुखाचं. मधल्या नावावरून 'हे यांचंच काम' म्हणू नकोस.
- रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेख, वेगळे काढ. सुरुवातीला एखादा जरूर वाच, पण नवा शोध म्हणून धरू नकोस.
- आडनाव आणि आद्याक्षर सारखं असलेले दुसरेच कोणी यादीत घुसतात. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर तपास.
- उंदरातला निष्कर्ष थेट माणसाला चिकटवू नकोस.

एच-इंडेक्स (पेपरांची संख्या आणि त्यांचे संदर्भ यांवरून काढलेला आकडा) वगैरे सध्या राहू दे. आधी हे दोन पेपर वाच, आकृत्यांपासून सुरू कर.