कॅन्सरच्या औषधाचा डोस कमी दिला म्हणजे इलाज कच्चा का?

तुमच्या मामांचा तोंडाचा कॅन्सर परत उलटलाय, ऑपरेशन करण्यासारखं राहिलेलं नाही, आणि डॉक्टरांनी निवोलुमॅबचं इंजेक्शन फक्त २० मिलिग्रॅम सांगितलंय. मोबाईलवर तुम्हाला २४० दिसलं. म्हणून विचारताय, ‘आम्ही औशाकडचे गरीब, म्हणून अर्धंमुर्धं औषध देतायत का?’

मी लातूरला औषधांचं दुकान चालवतो, कॅन्सरची औषधंही ठेवतो. हा प्रश्न काउंटरवर नेहमीचाच आहे.

पैशाची शंका अगदीच चुकीची नाही. पूर्ण डोसचा खर्च लाखांत जातो, आणि आपल्याकडच्या बहुतेकांना तो झेपत नाही म्हणूनच मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने हा छोटा डोस रीतसर तपासून पाहिला. डोकं-मानेचा कॅन्सर पुढे गेलेले १५१ रुग्ण घेतले. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या. त्यातल्या निम्म्यांना, कोणाला ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅबही. वर्षभराने नुसत्या गोळ्यांवरचे १६.३ टक्के हयात होते, इंजेक्शन घेणारे ४३.४ टक्के.

किमोसारखा याचा हिशोब नसतो. किमो पेशी मारते, म्हणून सोसेल तेवढी द्यायची अशी जुनी रीत. निवोलुमॅब आपल्याच प्रतिकारपेशींवरच्या ठरावीक जागांना चिकटून त्यांचा ब्रेक सोडवतं. त्या जागा थोड्या औषधातच जवळजवळ भरतात.

पण एक गोष्ट डॉक्टर घाईत सांगत नाहीत. या अभ्यासात २० ची तुलना २४० शी केलेली नव्हती, इंजेक्शन न देण्याशी केली होती. त्यामुळे ‘दोन्ही सारखेच’ असं कोणी छातीठोक सांगितलं तर मान हलवू नका. आणि हा इलाज आयुष्य वाढवण्यासाठी आहे, आजार मुळासकट काढण्यासाठी नाही. ते मामांना सांगायचं की नाही, हे घरच्यांनी ठरवा.

डोस छोटा म्हणजे त्रास छोटा, असंही धरू नका. गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते, इंजेक्शनवाल्यांत ४६ आणि नुसत्या गोळ्यांवरच्यांत ५० टक्के. सतत जुलाब, नवा खोकला, दम लागणं, फार थकवा यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. इंजेक्शन घेऊन काही महिने झाले असले तरीसुद्धा.

मला खरी धास्ती इंजेक्शनची नाही, सोबतच्या गोळ्यांची वाटते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजच्या गोळ्यांसारखी रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जीवही जातो. पाकिटावर वार लिहून घ्या, ‘दर गुरुवारी’ असं, आणि ते पाकीट बाकीच्या गोळ्यांत ठेवू नका. ताप किंवा जुलाब झाले म्हणून गावातल्या दुकानातून सेप्ट्रान ही अँटिबायोटिक गोळी आणू नका. मेथोट्रेक्सेटसोबत ती फार वाईट पडते. गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅकही नको. सेलेकॉक्सिब त्याच जातीची आहे, दोन्हींचा भार किडनीवर येतो.

एर्लोटिनिब सांगितली असेल तर ती उपाशीपोटी घ्यायची. अंगावर पुरळ येतात, ते अपेक्षितच आहे. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर गॅसची गोळी घ्यायची जी सवय आहे, तिने एर्लोटिनिब अंगाला नीट लागत नाही. बिडीनेही रक्तातलं तिचं प्रमाण उतरतं. मामा बिडी ओढत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका, रागावले तर रागावले.

काही उलटसुलट झालं तर आधी दवाखाना. नंतर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर दुष्परिणामाची नोंदही करा. देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा हा क्रमांक आहे, रुग्णाच्या घरचेही फोन करू शकतात. फोन लावताना औषधाचं वेष्टण हातात असू द्या, बॅच नंबर लागतो.