मलायाचे शिक्षणमंत्री अब्दुल रझाक यांची कारकीर्द कशी होती?

शिक्षणखातं त्यांच्याकडे जेमतेम दोन वर्षं होतं, १९५५ ते ५७. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं. १९५६च्या रझाक अहवालाने प्राथमिक शाळा मलय, इंग्रजी, चिनी, तमिळ अशा वेगवेगळ्या माध्यमांत राहू दिल्या, अभ्यासक्रम मात्र सगळ्यांना एकच आखला. रबराच्या मळ्यावरचं तमिळ पोर आपल्याच भाषेत अक्षरं गिरवत राहिलं, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे ग्रामविकास खातं आल्यावर त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात 'लाल पुस्तक' ठेवायला लावलं: नकाशावर पारदर्शक कागद आणि त्यावर आखलेले रस्ते, पूल, शाळा. काम कुठवर आलंय ते स्वतः जाऊन बघायचे. १९७०मध्ये मलेशियाचे (मलाया पुढे याच देशाचा भाग झाला) पंतप्रधान झाले, १९७६मध्ये पदावर असतानाच लंडनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेले.