परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याआधी सुनावणी कशासाठी?

आपला प्रश्न असा आहे : जो माणूस बेकायदा देशात शिरला तो नागरिकच नाही, मग त्याला परत पाठवण्याआधी नोटीस, वकील आणि सुनावणी हे सोपस्कार कशासाठी? अमेरिका असो की भारत, सरकारने त्याला सरळ विमानात बसवले किंवा सीमेपार नेऊन सोडले तर बिघडले काय? मी गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात वकिली करतो. परदेशी नागरिकांची प्रकरणे माझ्याकडे क्वचितच येतात. परंतु कागद नसलेली, किंवा एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरेच नाव असलेली आपलीच माणसे सतत येतात, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्याकडे पाहूनच द्यावेसे वाटते.

"जो बेकायदा शिरला" हे आपण प्रश्नातच गृहीत धरले आहे. सुनावणीत ठरवायचे असते ते नेमके हेच. तो माणूस खरोखर परदेशी आहे का, आला तेव्हा त्याच्याकडे परवाना होता का, परत गेल्यास त्याच्या जिवाला धोका आहे का, हे कोणीतरी दोन्ही बाजू ऐकून ठरवेपर्यंत समोर उभा असतो तो केवळ एक संशयित. गायरानावरचे अतिक्रमण काढायचे असले तरी तहसीलदार आधी नोटीस काढतात. माणसाला त्याच्या घरादारापासून कायमचे तोडायचे असेल तर त्याहून कमी काळजी घेऊन कसे चालेल?

आपली राज्यघटना या बाबतीत स्पष्ट आहे. भाषणाचे, संचाराचे आणि देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ फक्त नागरिकांसाठी आहे. समानतेचा अनुच्छेद १४ आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ हे मात्र प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत, मग तिच्याकडे पारपत्र असो वा नसो. मनेका गांधी प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्वातंत्र्य हिरावून घेणारी कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचे कारण सांगणे, वकिलाला भेटू देणे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे हेही शत्रुराष्ट्राचे नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्ती वगळता सर्वांना लागू आहे.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परदेशी माणसाला भारतात राहण्याचा हक्क नाही. हान्स म्युलर प्रकरणात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा त्याला बाहेर काढण्याचा अधिकार अतिशय व्यापक असल्याचे मान्य केले, आणि १९९१ साली लुई द रेड प्रकरणात सुनावणी कोणत्या पद्धतीने द्यावी याचा एकच ठोस नियम नसल्याचेही सांगितले. रोहिंग्यांच्या प्रकरणात २०२१ साली न्यायालयाने परत पाठवणी थांबवली नाही, पण विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय त्यांना परत पाठवू नये असे बजावले. म्हणजे सुनावणीचा हक्क हा राहण्याचा हक्क नव्हे. सुनावणीनंतर माणूस परदेशी ठरला तर सरकार त्याला पाठवू शकते, आणि त्याला माझा विरोध नाही.

अमेरिकेतही मूळ तत्त्व हेच आहे. तिथल्या घटनेची पाचवी दुरुस्ती नागरिकाविषयी नव्हे, व्यक्तीविषयी बोलते. १९०३ साली यामाताया नावाच्या जपानी स्त्रीच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, देशात आलेल्या माणसाला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय हाकलता येणार नाही. मात्र तिला इंग्रजी येत नव्हते, चौकशीत काय चालले आहे ते कळत नव्हते, हे तिचे दुर्दैव म्हणून बाजूला सारले आणि ती हरली. तत्त्व मोठे आणि ते माणसापर्यंत पोहोचण्याची वाट अरुंद, ही स्थिती अजूनही बदललेली नाही. तिथे अशा प्रकरणात वकील लावता येतो, पण सरकार त्याचा खर्च करत नाही. निवाडा देणारे न्यायाधीश न्याय विभागाच्या, म्हणजे सरकारच्याच हाताखाली असतात. आणि १९९६ च्या कायद्यातील जलद परत पाठवणीत न्यायाधीशासमोर न नेताही अधिकारी आदेश काढू शकतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांमध्ये महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्यांच्या हातापायांतील बेड्या पाहून आपल्याकडे जो संताप झाला तो योग्यच होता. मात्र तेच माप आपण आपल्या देशात पकडल्या जाणाऱ्या माणसालाही लावले पाहिजे. अमेरिकेच्या १७९८ च्या परकीय शत्रू कायद्याखाली लोकांना देशाबाहेर हलवण्यात येत असतानाही एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आधी नोटीस आणि आव्हान देण्यास पुरेसा अवधी दिला पाहिजे असे सांगितले.

आता आपल्या भागाकडे येतो. भारतात परकीय नागरिक कायदा, १९४६ होता तेव्हाही आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यातही, मी परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी संशयितावरच आहे. चोरीच्या खटल्यात सरकारने गुन्हा सिद्ध करायचा असतो. इथे मात्र ज्याच्यावर संशय, त्यानेच कागद आणायचे. आणि कागद म्हणजे काय? नागरिकत्व कायद्याप्रमाणे १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस बहुतेक करून जन्माने नागरिक असतो. त्यानंतर जन्मलेल्याला आई-वडिलांपैकी एकाचे नागरिकत्वही दाखवावे लागते, आणि ३ डिसेंबर २००४ पासून अटी आणखी कडक झाल्या आहेत. म्हणजे पंचविशीतल्या मजुराला स्वतःबरोबर आपल्या बापाचाही जन्म सिद्ध करावा लागतो.

विदर्भातल्या खेड्यात हा पुरावा शोधायला आम्ही तहसील कार्यालयाच्या अभिलेखागारात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागतो. पान मिळालेच तर ते वाळवीने खाल्लेले किंवा कडेला फाटलेले असते. नोंद सापडते ती अनेकदा अशी : बापाचे नाव, जात, गाव, तारीख आणि पुढे फक्त "मुलगा" किंवा "मुलगी", मुलाचे नाव नाही, कारण नोंद झाली तेव्हा बारसेच झालेले नव्हते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये त्याच मुलाची जन्मतारीख १ जुलै असते, कारण प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनी वयाचा अंदाज करून तीच लावली. आधार कार्डावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. वारसान फेरफार किंवा जातीचा दाखला काढताना ही विसंगती आम्ही शपथपत्रे देऊन, जुनी माणसे साक्षीला आणून कशीबशी निस्तरतो, आणि त्याला महिने लागतात. हाच माणूस मिरची तोडायला तेलंगणात किंवा बांधकामावर मुंबईला गेलेला असताना पकडला गेला आणि दोन दिवसांत कागद दाखव म्हटले, तर तो काय दाखवणार? आसाममधील एका प्रकरणात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नावाच्या स्पेलिंगमधील आणि तारखांतील किरकोळ फरकांवरून एखाद्याला परदेशी ठरवता येणार नाही, तसेच ठोस आधाराशिवाय कोणावरही असा आरोप करता येणार नाही, असे म्हटले. असा निकाल लागू शकला तो सुनावणी झाली म्हणूनच.

माझ्या जिल्ह्यात मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे आहेत. त्यांना सरकारनेच इथे वसवले आणि शेतीसाठी जमिनी दिल्या. त्यांची नातवंडे आमच्या शाळांत मराठीत शिकली. ही मुले घरात बांगला बोलतात. केवळ भाषेवरून संशय घ्यायचा झाला तर त्यांचे काय होईल, हा प्रश्न मला सतावतो. बीरभूम जिल्ह्यातील एका गरोदर महिलेला दिल्लीत पकडून जून २०२५ मध्ये बांगलादेशात पाठवण्यात आले. सप्टेंबरमध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने ती कारवाई घाईची ठरवून रद्द केली आणि तिला परत आणण्याचा आदेश दिला. संशयिताने भारतीय असल्याचे सांगितले तर त्याच्या मूळ जिल्ह्यातून पडताळणी करून घेण्यासाठी ३० दिवसांची तरतूद गृह मंत्रालयाच्याच सूचनांमध्ये होती. तो महिना पाळला असता तर तिला परमुलखात तुरुंगात राहावे लागले नसते. सुनावणीला वेळ लागतो, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर उपाय अधिक न्यायाधिकरणे आणि वेळेत पडताळणी हा आहे.

आपल्या ओळखीत कोणावर अशी वेळ आली तर काही गोष्टी लगेच कराव्यात. अटकेची कारणे लेखी मागावीत. न समजलेल्या कागदावर सही करू नये, विशेषतः मी स्वखुशीने परत जात आहे अशा मजकुरावर. कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. माणूस कोठे आहे हेच कळत नसेल तर आपल्या भागासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे पकडलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करा अशी मागणी करणारी, याचिका करता येते. दरम्यान घरच्यांनी कोतवाल बुक, शाळेचे रजिस्टर, आजोबांचा सातबारा आणि जुनी मतदार यादी यांच्या प्रमाणित नकला काढायला त्याच दिवशी अर्ज टाकावा आणि पोच घ्यावी, कारण नक्कल मिळायला उशीर झाला तरी ती पोचपावती पुढे वकिलाला मुदत मागताना दाखवता येते.