गणित वापरून क्रिकेट क्लबची बेस्ट इलेव्हन काढता येते का?

समजा तुमच्या क्लबात २० पोरं, एक्सेलमध्ये जुने स्कोअर आणि दर रविवारी सिलेक्शनवरून वाद. हो, काढता येते. २० जणांतून ११ निवडायचे १,६७,९६० मार्ग आहेत, पण एक्सेलमधल्या सॉल्व्हरला (अटी पाळून सगळ्यात चांगला पर्याय शोधणारं टूल) ते काहीच नाही.

प्रत्येक नावापुढे एक रकाना: घेतला तर १, नाहीतर ०. हा रकाना बायनरीच (फक्त ० किंवा १) ठेवा, नाहीतर सॉल्व्हर खुशाल अर्धा बॅट्समन घेईल. बेरीज ११. कीपर निदान एक. टी-२० मध्ये एका बोलरला ४ च ओव्हर, म्हणून बोलर किमान ५. ऑलराउंडर दोन्हीकडे मोजायचा. मग जुन्या स्कोअरवरून प्रत्येकाला दिलेल्या गुणांची बेरीज जास्तीत जास्त करायला सांगायची.

खरी गंमत त्यानंतर आहे. टीम आली की त्यातल्या एकेकाला ० वर अडवून पुन्हा चालवा आणि बेरीज किती घसरते ते बघा. समजा ओपनरचे गुण ४०, पण बाहेर बसलेल्या बॅट्समनचे ३७. तो नसला तर नुकसान ३. कीपरचे गुण १८ च, पण दुसऱ्या कीपरचे १०. इथे नुकसान ८. म्हणजे ज्याला तुम्ही आठव्या नंबरवर पाठवता तो ओपनरपेक्षा महाग! वाद मिटवायला टीमच्या यादीपेक्षा हा आकडा जास्त कामाला येतो.

घोळ असतो तो गुण ठरवताना. मुंबईच्या कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात, ओल्या विकेटवर काढलेले ३० आणि मे महिन्यात बॅटिंगला सोप्या पाटा विकेटवर काढलेले ३० एका मापाने मोजू नका. त्या मॅचमध्ये बाकीच्यांनी सरासरी किती काढले, त्याने भागा. आणि तीनच इनिंग खेळून ६५ ची सरासरी मिरवणारा कोणी असेल, तर त्याच्या खात्यात टीमच्या सरासरीच्या (२० धरा) दहा इनिंग घाला: १९५ अधिक २००, भागिले १३. सरळ ३० वर येतो. दहाच का? माझा अंदाज, तुम्ही आठ घ्या.

ओपनिंगची जोडी एकमेकांना कशी सांभाळून घेते, ते या साध्या बेरजेत बसत नाही. तिथे कॅप्टनचं ऐका. आणि सॉल्व्हर चालवण्याआधी रविवारचा लोकलचा मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा; जो टॉसपर्यंत मैदानात पोचणार नाही, त्याचा रकाना आधीच ० करून टाका.