गुरुवारी आई पाणी का पीत नाही?

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची, वॉकर घेऊन चालते. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांनी वर्गणी काढून दर गुरुवारी व्हॅन लावली आहे. घरोघरी उचलून आधी फिजिओथेरपीला, मग सिद्धेश्वर मंदिरात आणि परत घरी. चढायला जादा पायरी आहे, ड्रायव्हर हात देतो. तरी आई बहुतेक वेळा टाळते. गेलीच तर आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही, सकाळची बीपीची गोळीही ठेवून देते आणि आल्यावर डोकं धरून बसते. अक्कलकोटची एसटी फुकट आहे, तीही नको. स्वभाव हट्टी. कसं समजवावं?

उत्तर : हट्टी? पारा ४२च्या वर चढणाऱ्या गावात तहान मारून गाडीत बसते ती बाई, आणि तुम्ही तिला हट्टी म्हणताय? वर्गणी, पायरी, ड्रायव्हरचा हात, सगळं कौतुकानं लिहिलंत. पाण्याचं मात्र एका वाक्यात उरकलंत.

अहो, तिला गाडीची नाही, लघवीची धास्ती आहे. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीला जास्त होतं. तिची तसलीच असणार, म्हणून तर नेमकी तीच राहते. व्हॅन दारोदार थांबत जाणार, शेजारी कॉलनीतले पुरुष. 'जरा थांबवा' म्हणायचं कुणाला? आणि सात रस्त्याच्या गर्दीत थांबवली, तरी वॉकर घेऊन जायचं कुठे? एसटीचंही तेच. पंचाहत्तरी झालेल्यांना २०२२ पासून तिकीट माफ झालं, पण स्टँडवर उकिडवं बसायच्या संडासातून उठायचं कसं, ते त्या तिकिटावर छापलेलं नाही.

कदाचित खोकलं, उठलं की गळतही असेल. बाळंतपणं झालेल्या बायकांत उतारवयात हे पुष्कळ आढळतं. त्यावर व्यायाम आहेत, औषधं आहेत. पण हे मुलाला सांगणारी आई मला अजून भेटायची आहे. तेव्हा तुम्ही विचारूच नका. बायकोला नाहीतर बहिणीला विचारू दे, दार लोटून. गोळी परस्पर चुकवणं बरं नाही. गुरुवारी ती किती वाजता घ्यायची, हेही डॉक्टरांना त्याच विचारतील.

तुमचं काम वेगळं. व्हॅनचा फेरा जो कोणी ठरवतो त्याच्याकडे आज संध्याकाळीच जा. आईला सगळ्यांत शेवटी उचला आणि परतताना सगळ्यांत आधी सोडा, एवढंच सांगा. कारण विचारलं तर गुडघ्यांवर ढकला. फिजिओथेरपीच्या जागी आणि देवळाजवळ कमोड कुठे आहे, तेही गुरुवारच्या आधी स्वतः पायी हिंडून बघून या.

वर्गणी सारखीच, मग यांचाच नंबर शेवटी का, म्हणून कुणी कुरकुरेल. कुरकुरू दे. त्याच गाडीतल्या आणखी दोन-तीन आज्या गुरुवारी सकाळचा चहा घेत नसणार, लावा पैज.