वाचकांचे प्रश्न : ‘गंमत’ आणि अपमान

प्रश्न : शिरोलीच्या फाउंड्रीत मी सुपरवायझर आहे. बिहारी कामगारांवर ‘भय्या’ म्हणून विनोद चालतात. तेही हसतात. मग अपमान कसला? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हसणाऱ्याची रोजंदारी कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा. हजेरी तुम्ही मांडता, ओव्हरटाइम तुम्ही देता. तुमच्यासमोर तो हसणारच. त्या हसण्याला संमती समजू नका.

विनोद पारखायचा तर तो प्रसंगावर आहे की जन्मावर, हे पाहा. साचा चुकला म्हणून केलेली चेष्टा कामाची असते. ‘बिहारी म्हणजे असलेच’ म्हटलं की पुढं चोरी झाल्यावर संशयही आधी त्यांच्यावरच जातो. खरं नुकसान तिथं होतं.

जातीचं तर विचारूच नका. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चारचौघांत जातिवाचक शिवी देणं १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. ‘गंमत केली’ म्हणून सुटका होईल असं समजू नका.

उद्यापासून हजेरी नावानं घ्या. कुणी जातीवर, प्रांतावर घसरला, तर तिथल्या तिथं थांबवा. शिफ्ट संपल्यावर बाजूला घेऊन सांगितलं, तर ज्याला लागलं त्याला ते कळतच नाही.