चाळीस पानं आणि एक चप्पल

प्रिय बेटा,

तुझं पाकीट पंधरा दिवसांपूर्वीच आलं होतं. रोवणी संपेपर्यंत उघडलं नाही म्हणून रागावू नको. भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, खणायला मजूर मिळेनात, तेव्हा या वयात मीच बांधीत उतरलो होतो. परवा रात्री पाऊस सुरू झाला, लाईन गेली, आणि टीव्हीवरच्या कुस्तीची लेखिका व्हायचं म्हणून तू लिहिलेली चाळीसही पानं बॅटरीच्या उजेडात एका बैठकीत वाचून काढली.

अक्षर सुरेख आहे. पैलवानांची नावं, त्यांचे डाव, कोणाचं कोणाशी कधी वाजलं, सगळं तुला तोंडपाठ आहे. पण पानोपानी कोण कोणाला कसं आपटतो तेवढंच आहे गं. सुप्लेक्स, मग स्पिअर, मग टेबल मोडलं, मग पुन्हा स्पिअर. टीव्हीवरच्या कुस्तीचा लेखक हे लिहीतच नाही. रिंगमधली झुंज पैलवान आणि प्रोड्यूसर मिळून बसवतात. प्रोड्यूसर म्हणजे बहुतेक वेळा रिटायर झालेला पैलवानच. लेखकाकडून त्यांना वेळ किती आणि शेवट काय हे कळतं. लेखकाचं काम त्याच्या अलीकडे आणि पलीकडे असतं. हे दोघं भिडतात कशावरून? हा जिंकला तर पुढच्या आठवड्यात काय पेटेल? माईक हातात घेऊन तो काय बोलेल, आतल्या खोलीत त्याला कोण भेटेल, कॉमेंट्रीवाल्याने लोकांच्या डोक्यात कोणती गोष्ट घोळवत ठेवायची?

आधी माझं सांगून टाकतो. ही कुस्ती चालवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीचं ऑफिस अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या स्टॅमफर्डला आहे. मी तिथे कधी गेलो नाही. आठ हिवाळे आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत काढले, त्यानंतर चौदा वर्षं मुंबईत मालिकांचे एपिसोड लिहिले. तिकडे लिहिण्याचं काम केलेल्यांच्या मुलाखती मात्र भरपूर ऐकल्या आहेत, कारण माझ्या पोराने मला त्याचं वेड लावलं. ऐकताना सारखं वाटायचं, हे तर आपल्या नाटक कंपन्यांच्या वडशाचंच आहे, फक्त लाईट जास्त.

तुला एका रात्रीचं सांगतो. मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेची रात्र होती, अर्जुनीकडचं एक गाव. मी प्रॉम्प्टर होतो आणि नाटकही माझंच होतं. खलनायक म्हणजे शहरात नोकरीला लागलेला मुलगा, आईला घराबाहेर काढणारा. त्याच्या तोंडी मी पानभर भाषण घातलं होतं. त्यावर मी फार खूश होतो. रात्रीचे दोन वाजलेले, नट थकलेला, भाषणाची पहिली ओळ म्हणाला आणि गाडी अडली. मी खालून ओरडतोय, त्याला ऐकू जाईना. मग त्याने काय करावं? खिशातून नोटा काढल्या, थुंकी लावून हळूहळू मोजल्या, आईच्या हातावर ठेवल्या. दोन पावलं गेला, परत फिरला, आणि त्यातली एक नोट काढून घेतली. पेंडॉलमध्ये एवढी शांतता झाली की जनरेटरचा आवाज ऐकू यायला लागला. पुढच्या रांगेतून एक चप्पल आली आणि बरोबर त्याच्या छातीवर बसली.

अंक पडल्यावर एक म्हातारी मागे आली. "चप्पल दे माही," म्हणाली, "अन् मायले घरी ने." नटाने वाकून चप्पल तिच्या पायाशी ठेवली. म्हातारी जाऊन परत आपल्या जागेवर बसली, पुढचं नाटक बघायला.

तिला हे नाटक आहे हे ठाऊक नव्हतं असं समजू नको. तिकीट तिनेच काढलं होतं. कुस्तीवाले खलनायकाला हील म्हणतात, नायकाला बेबीफेस, आणि त्या चपलेला हीट. रिंगमधलं सगळं खरंच चाललं आहे असं धरून वागण्याचा जो अलिखित करार असतो त्याला केफेब म्हणतात. तुझ्या चाळीस पानांत ती नोट परत घेणारा माणूस मला एकही सापडला नाही.

गावात तुला लोक चिडवत असतील, "खोटं असते ना ते?" आपल्याकडे नुराकुस्ती हा शब्द शिवीसारखा वापरतात, तेव्हा चिडवणारच. त्यांना सांग, हे गुपित कंपनीनेच १९८९ साली फोडलं आहे. न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे त्यांनी आमची कुस्ती ही करमणूक आहे असं कबूल केलं. खेळ म्हटलं की सरकारी नियम आणि कर मागे लागत होते, एवढंच कारण. धंदा बुडाला का? १९९३ च्या जानेवारीत त्यांचा रॉ हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला तो आजतागायत दर आठवड्याला चालू आहे, आणि २०२५ पासून नेटफ्लिक्सवर गेला आहे. त्याला सुट्टीचा हंगाम नाही. आपली झाडीपट्टी निदान होळीच्या सुमारास मिटते आणि लेखकाला उन्हाळाभर झोप मिळते. तिथे बावन्न आठवडे कारखाना सुरू. प्रयोगाच्या दिवशी दुपारी बैठक होते, संध्याकाळपर्यंत पानं बदलत राहतात, आणि तू महिनाभर जपलेला प्रसंग कोणी दुखापतीने आडवा झाला म्हणून एका वाक्यात कापला जातो. रुसणाऱ्या माणसाने त्या धंद्यात जाऊ नये. मी स्वतः फार रुसायचो.

आता २०१४ चा मामला बघ, आणि नीट बघ. जानेवारीत रॉयल रंबल, म्हणजे तीस पैलवानांची एकच मोठी झुंज, होती. बटिस्टा हा पैलवान खूप वर्षांनी परत आलेला, त्याला जिंकवायचं आणि रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात रँडी ऑर्टनपुढे उभा करायचा, असा बेत होता. लोकांना मात्र डॅनियल ब्रायन हवा होता. लहान चणीचा, दाढीवाला, बोट वर करून "येस, येस" ओरडणारा. त्याला रंबलमध्ये घेतलंच नव्हतं. तिसावा आणि शेवटचा पैलवान कोण येतो म्हणून सगळे वाट बघत होते, आणि आला तो 'रे मिस्टेरिओ' नावाचा पैलवान. एरवी पोरांचा लाडका, पण त्या रात्री त्याचीही हुर्यो उडाली. बटिस्टा जिंकला, त्याचीही हुर्यो. शेवटी बेत बदलावा लागला. ६ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये, रेसलमेनियात, ब्रायनने आधी ट्रिपल एच या पैलवानाला हरवलं, आणि त्याच रात्री ऑर्टन आणि बटिस्टा दोघांच्या नाकावर टिच्चून विजेतेपदाचा बेल्ट नेला.

लोकांचं ऐकावं, एवढाच अर्थ यातून काढू नको. चिडलेल्या पब्लिकचा आवाज कंपनीने गोष्टीतच ओढला. मालक मंडळी याला वर येऊ देत नाहीत, ही लोकांची खरी तक्रार होती. तीच कथा झाली, आणि ट्रिपल एच खऱ्या आयुष्यातही मालकांचा जावई असल्यामुळे खलनायक आयताच मिळाला. १९९७ मध्ये माँट्रियलला ब्रेट हार्ट या पैलवानाला न सांगता शेवट बदलला आणि घंटा वाजवली, तेव्हाही असंच झालं. कंपनीचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमॅन याच्यावर लोक खरोखर संतापले, आणि त्यातूनच दुष्ट मालक मिस्टर मॅकमॅन हे पात्र उभं राहिलं. पैलवानाशी वागणूक म्हणून ते मला आजही पटत नाही. लेखक म्हणून मात्र मी ते दहादा पाहिलं आहे.

पुढच्या वेळी बघताना आवाज बंद कर आणि रिंगकडे पाहूच नको, मागच्या रांगांकडे पाहा. लोक कधी उभे राहतात, कधी मोबाईल काढतात, कधी लेकराला मांडीवरून उतरवतात, ते घड्याळ लावून लिहून काढ.

आणि लिहायचं तर अमेरिकेतल्या पैलवानांवर लिहू नको, ती भाकर दुसऱ्याच्या तव्यावरची. तुमच्याच गावच्या मालगुजारी तलावावर लिही. गेटची चावी एकाकडे आहे. दुष्काळी साल आहे, खालच्या बांध्या वाळताहेत आणि तो गेट उघडत नाही. त्याला दात विचकणारा राक्षस केलास की पान फुकट गेलं. मी असा प्रयत्न केला:

"तेरा वरसं तुमच्या बांधीले पानी मीच सोडलं ना? रातीबेराती, सापाविच्चवातून? माही पोरगी दवाखान्यात होती तवा कोनी इचारलं का मले, का बाबू, आज गेटवर आमी जातो?"

समोर नायक उभा आहे. त्याच्याकडे उत्तर नाही, कारण खरंच कोणी विचारलं नव्हतं. तो फक्त म्हणतो, "गेट उघड." लोक नायकाच्या बाजूने ओरडतील, पण मनात कुठेतरी लाजतीलही. आता यांच्या कुस्तीची दंगल लागली तर बघायला आजूबाजूची दहा गावं येतील. कोण कोणता डाव टाकतो ते पैलवानांवर सोड.

असं एक पान लिही. वर मिनिटं टाक, सहापेक्षा जास्त नको. रिंगमध्ये आधी कोण आहे, मागून कोण येतो, शेवटचं चित्र काय, आणि पुढच्या आठवड्यासाठी काय लोंबकळत ठेवलं. माईकवरचं बोलणं स्वतः उभं राहून मोठ्याने म्हण. दम लागला तर वाक्य तोड.

आता त्या धंद्यात शिरायच्या दाराचं. ही चाळीस पानं स्टॅमफर्डला पाठवू का, असं तू विचारलंस. पाठवू नको. न मागता आलेल्या कल्पना मोठ्या टीव्ही कंपन्या सहसा उघडतच नाहीत, उद्या कोणी चोरीचा दावा लावेल ही भीती असते. शिवाय मोठे चाहते त्यांना कमी नाहीत. आठवड्याच्या मुदतीत टीव्हीचं पान पाडणारा हात त्यांना हवा असतो. विन्स रूसो त्यांच्या मासिकात लिहायचा, तिथून संपादक झाला आणि मग लेखकांत गेला. ब्रायन गेवर्ट्झ एमटीव्हीच्या कामातून १९९९ मध्ये आला आणि कित्येक वर्षं रॉ लिहीत राहिला. फ्रेडी प्रिन्झ ज्युनिअर तर सिनेमातला नट, तोही काही काळ त्यांच्या लेखकांत बसला. म्हणून तुझ्या हातात कुस्तीबाहेरचं लिखाण हवं: मालिकेचे दोन एपिसोड, स्वतःची एक पायलट, म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागाची, पटकथा, हिंदीत आणि पुढे इंग्रजीत. व्याकरणाच्या पुस्तकातलं इंग्रजी माईकवर चालत नाही, ते कानानेच शिकावं लागेल. अमेरिकेत काम करायला परवाना लागतो आणि त्यासाठी कंपनीला तुझ्यासाठी खटपट करावी लागते. ती खटपट नवख्यासाठी कोणी करत नाही, म्हणून मुंबईची वाट मधे टाळता येणार नाही.

भारतात हे होत नाही असं नाही. २०१२ मध्ये कलर्सवर 'रिंग का किंग' आलं होतं, अमेरिकेतल्या टीएनए या कुस्ती कंपनीने एंडेमॉल इंडियाबरोबर केलेलं आणि आपल्या पुण्यात बालेवाडीला शूट झालेलं. एका हंगामात आटोपलं. खलीने जालंधरला शाळा काढली आहे, तिथून पैलवान तयार होतात. पुन्हा असं काही उभं राहिलं तर हिंदीत लिहिणारी, लोकांची नस ओळखणारी माणसं लागतील. तेव्हा तुझ्याकडे दाखवायला पानं असू दे.

पानं दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून ठेव, ऑनलाईन होतं. हे मी अनुभवाने सांगतो. एका निर्मात्याला मी चहावर अख्खी कथा तोंडी सांगितली होती. वर्षभराने ती टीव्हीवर पाहिली, खलनायकाच्या मिशीसकट. कागद नव्हता, भांडणार काय?

अजून एक. तुझ्या बाविसाव्या पानावर एक पैलवान छतावरून दोरीने खाली येतो. १९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा पैलवान असाच येणार होता. तो वरून पडला आणि गेला. तू लिहिलेलं वाक्य कोणाच्या तरी अंगावर घडतं. ते पान मी फाडून ठेवलं आहे, मागू नको.

आईला सांग, मी काही पोरीला बिघडवत नाही. वडशात दिवाळीआधी नाटक कंपन्यांची ऑफिसं गजबजतात, तिथे माझ्या ओळखीच्या एका कंपनीला यंदा प्रॉम्प्टर हवा आहे. पैसे थोडे, जागरण पुष्कळ, आणि तुझ्या हातात नाटकाची वही. बाई प्रॉम्प्टर कशी चालेल म्हणून मालकाने कुरकुर केली. मी म्हटलं, आवाज ऐकून घ्या आधी. पहिल्या दोन प्रयोगांना आईलाही सोबत आण, पुढची खुर्ची ठेवतो. स्वेटर, बॅटरी आणि ते तलावाचं पान घेऊन ये.

तुझा,
काका